लीन, सामाजिक संस्था आणि कंपनीतली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्याचे पाच दिवस मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन विभागात असतो आणि जमेल त्या शनिवारी एखाद्या सामाजिक संस्थेच्या ऑफिसात, तिथलं काम कारखान्यातल्या ‘लीन’ पद्धतीने सुटसुटीत करायला विनामोबदला मदत करत. चहा दोन्हीकडे सारखाच गोड असतो, बाकी फारसं काही जुळत नाही. संस्थेतल्या ताईंना वाटतं, कंपनीवाले येणार म्हणजे स्टॉपवॉच घेऊन डोक्यावर उभे राहणार. कंपनीतल्या साहेबांना वाटतं, संस्था म्हणजे मन मोठं आणि कपाट अस्ताव्यस्त. अशा भेटींत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे दर वेळी फोनवर अर्धा तास जायला नको.

‘लीन’ हे नक्की काय प्रकरण आहे? आमचा काही कारखाना नाही.

शब्द १९८८ सालचा, जॉन क्रॅफसिक या अमेरिकी संशोधकाने रूढ केलेला. पद्धत मात्र जपानी आणि त्याहून बरीच जुनी. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाकडे पैसाही बेताचा होता आणि गिऱ्हाईकही. ताइची ओनो हे त्यांचे अभियंते. कारखान्यात उभं राहून ते एकच गोष्ट शोधत: गिऱ्हाईक ज्याचे पैसे देईल असं काम कुठलं आणि नुसतीच धावपळ कुठली. या धावपळीला जपानीत ‘मुडा’ म्हणतात, ती शोधून कमी करणं म्हणजे लीन, आणि ओनोंनी तिचे सात प्रकार सांगितले. ताटकळणं, नको तेवढं आधीच करून ठेवणं, माल इकडून तिकडे हलवणं, साठा, वायफळ हालचाल, गरजेपेक्षा जास्त सोपस्कार आणि चुकलेलं काम पुन्हा करणं.

टोयोटाचं घराणं मुळात मागवाल्यांचं. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये आणलेल्या मागाची ख्याती अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी-भिवंडीकडे ज्याने माग चालवलाय त्याला यातली गोम लगेच कळेल. धागा तुटूनही माग चालूच राहिला तर पुढचं सगळं कापड खराब. चूक दिसली की तिथेच थांबायचं, पुढे ढकलायची नाही. हे तत्त्व तिथून गाड्यांमध्ये आलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कारखाना नसला तरी तुमच्याकडे रांग आहे, अर्ज आहेत, धान्याची पोती आहेत, सह्यांसाठी अडकलेली व्हाउचर आहेत. एक फरक मात्र मोठा आहे. दुकानात पैसे देणारा आणि वाट बघणारा माणूस एकच असतो. उशीर झाला की तो ओरडतो, पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातो. संस्थेत पैसे देणगीदार देतो आणि वाट लाभार्थी बघतो. आणि फुकट मिळतंय म्हणून तो ओरडत नाही. त्यामुळे त्याचा वाया गेलेला वेळ कुणाच्याच वहीत चढत नाही. लीनचा संस्थांना उपयोग असेल तर तो आधी इथे आहे, असं माझं मत.

विनामोबदला मदत म्हणजे श्रमदानच ना?

नाही. श्रमदानात तुम्ही हात देता, यात तुमचा धंदा देता. वकिलाने गरिबाचा खटला फी न घेता लढवणं हे याचं सगळ्यात जुनं, ओळखीचं रूप. हिशेबनिसाने संस्थेचा ताळेबंद लावून देणं, कारखान्यातल्या माणसाने संस्थेची कामाची साखळी नीट लावायला मदत करणं, हेही तेच.

टी-शर्ट घालून शाळेची भिंत रंगवणं वेगळं. त्याला माझा विरोध नाही, पण एका शाळेची एकच भिंत तीन वर्षांत तीन कंपन्यांनी रंगवलेली मी पाहिली आहे. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापकांनी नम्रपणे विचारलं, “साहेब, संडासाचं दार बसवता येईल का?” ते त्या दिवसाच्या कार्यक्रमात नव्हतं.

हे कुठे जमल्याचं खरं उदाहरण आहे का?

आहे, आणि मी प्रत्येक ठिकाणी तेच सांगतो. फूड बँक फॉर न्यूयॉर्क सिटी ही न्यूयॉर्कमधली मोठी संस्था, २०१३ च्या सुमारास वर्षाला सुमारे १५ लाख लोकांपर्यंत अन्न पोचवणारी. टोयोटा तिच्या देणगीदारांपैकी एक. टोयोटाने चेकऐवजी आपले अभियंते देऊ केले. २०१३ मध्ये त्याच्या बातम्या आल्या आणि गोष्ट जगभर गेली. पाठवलेली माणसं टोयोटाच्या टीएसएससी या केंद्रातली. बाहेरच्या लोकांना टोयोटाची पद्धत शिकवायला हे केंद्र १९९२ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात सुरू झालं आणि २०११ मध्ये ते स्वतःच ना-नफा संस्था झालं.

संस्थेचं हार्लेममध्ये स्वयंपाकघर आहे. संध्याकाळच्या जेवणासाठी तिथे लोक दीड तासापर्यंत थांबायचे. दहा-दहा जणांना आत सोडायची पद्धत होती. आपल्याकडच्या माणसाला हे एका शब्दात कळतं: पंगत. नऊ खुर्च्या मोकळ्या झाल्या तरी दहावा उठेपर्यंत बाहेरचा बाहेरच. टोयोटाच्या लोकांनी पंगत मोडली आणि खानावळ केली. पुण्यात शिकताना मेसवर जेवलेल्यांना आठवत असेल, जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा गिऱ्हाईक उभा. हा ताकाचा शेवटचा घोट घेतोय तोवर त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर. सभ्यपणाचं नाही, पण खुर्ची क्षणभर रिकामी राहत नाही. हार्लेममध्ये त्याची सभ्य आवृत्ती केली. जागा झाली की एकेकाला आत घ्यायचं. आतच थांबायला जागा, जिथे ट्रे हातात घेऊन तयार राहता येईल. आणि एका कर्मचाऱ्याला एकच काम: रिकामी खुर्ची हेरायची.

दीड तासाची ताटकळ १८ मिनिटांवर आली. नवी भट्टी नाही, नवी इमारत नाही, सॉफ्टवेअर नाही. स्टेटन आयलंडवरच्या त्यांच्या एका धान्यवाटप केंद्रात पिशवी भरायला लोकांना ११ मिनिटं लागत, ती ६ झाली.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण या उदाहरणावर टाळ्या वाजवताना ती सुटते. रांग आखूड झाली, भुकेलेले कमी झाले नाहीत. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरांपैकी एका शहरात जेवणासाठी रांग का लागते, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही अभियंत्याकडे नसतं आणि त्याच्याकडून ते मागूही नये. पण हिवाळ्यात फुटपाथवर दीड तास उभं राहणं आणि १८ मिनिटं उभं राहणं यातला फरक कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

गाड्या बनवणाऱ्यांना आमच्या कामातलं काय कळणार?

हार्लेमच्या स्वयंपाकघराचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची पहिली प्रतिक्रिया अगदी हीच होती: ते गाड्या बनवतात, मी स्वयंपाकघर चालवतो. शंका रास्त आहे. कंपनीच्या माणसाला तुमच्या कामातलं खरंच कळत नाही. त्याला कळते साखळी, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात काम जाताना ते कुठे पडून राहतं ते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कचा किनारा झोडपला. मदतीचे खोके ब्रुकलिनमध्ये बुशविकच्या गोदामात भरले जात होते. एका खोक्याला ३ मिनिटं लागत होती, टोयोटाच्या माणसांनी काम ओळीत लावल्यावर ती ११ सेकंदांवर आली. न्यू ऑर्लिन्समध्ये कॅटरिना वादळानंतर लोकांची घरं पुन्हा उभी करणारी सेंट बर्नार्ड प्रोजेक्ट ही संस्था आहे. तिथे टीएसएससीच्या मदतीनंतर एक घर उभं राहायला लागणारा सरासरी वेळ ११६ दिवसांवरून ६१ दिवसांवर आला. ५५ दिवस कुटुंब आधी आपल्या घरात.

३ मिनिटांचे ११ सेकंद हे वाचून पहिल्यांदा मलाही खोटं वाटलं होतं. मग २०१९ चा ऑगस्ट आला, सांगली-कोल्हापूरचा पूर. त्या वाटेवरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही कंपनीतले चौदा जण धान्याच्या पिशव्या भरायला गेलो. पीठ, तांदूळ, तूरडाळ, साखर, चहापूड, मीठ, तेलाची पिशवी, मेणबत्त्या, काडेपेटी. हॉलच्या चारही भिंतींना ढीग लावलेले आणि प्रत्येक जण हातात रिकामी पिशवी घेऊन भिंतीभिंतीने फिरतोय. तेलाच्या ढिगाशी सगळे अडकायचे, कारण खोके उघडायला कात्री एकच. दोघे जण तर मेणबत्त्या कुठे आहेत हेच शोधत होते. तासाभरात तेलाच्या तीन पिशव्या फुटल्या, कारण तेल आधी हाताला लागत होतं आणि त्यावर पाच किलो पीठ आदळत होतं. चहापूड चिकट झाली.

आणि आम्ही चौदा जण दिवसभर लाइनवरच काम करणारे! कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. भावनेच्या भरात माणूस आपला धंदा घरी ठेवून येतो. कार्यालयात लग्नाच्या स्वयंपाकाची कंत्राटं घेणाऱ्या एक मावशी होत्या. पदर खोचून दारात उभ्या राहून त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे, वाढपी पिशवीमागं कशाला पळताय? पिशवी फिरू दे की.” मग वधू-वर बसतात ती लांब टेबलं मधोमध लावली, प्रत्येक जिनसापाशी एक माणूस उभा केला, पिशवी हातोहात सरकत गेली. पीठ पहिलं, तेल शेवटी आणि वेगळ्या पिशवीत गाठ मारून. मी घड्याळ लावलं नव्हतं, त्यामुळे आकडा सांगणार नाही. पण दुपारपर्यंत संपेल की नाही अशी धास्ती असलेलं काम साडेअकराला संपलं आणि मावशींनी सगळ्यांना पिठलं-भात वाढला.

म्हणून या प्रश्नाला माझं उत्तर: कळणारी व्यक्ती बहुतेक वेळा तुमच्याच संस्थेत असते. बाहेरून आलेल्याचं काम तिला बोलतं करणं.

आमच्यासारख्या लहान संस्थेत सगळ्यात जास्त काय वाया जातं?

माझ्या अनुभवात, तेच ते पुन्हा लिहिणं. वस्त्यांमध्ये अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेत आम्ही एका मुलीच्या नावाचा माग काढला. प्रवेश अर्जावर एकदा, हजेरीपत्रकात एकदा, खाऊच्या वहीत एकदा, मग दोन देणगीदारांच्या दोन एक्सेल शीटमध्ये. एकाला वय हवं, दुसऱ्याला जन्मतारीख. एकाला आडनाव आधी, दुसऱ्याला शेवटी. त्यातून ‘वैष्णवी’ एकीकडे दीर्घ, एकीकडे ऱ्हस्व, म्हणजे यादी जुळवताना ती दोन मुली. अभ्यासिकेच्या ताई महिन्याचे शेवटचे अडीच दिवस मुलांना शिकवायच्या ऐवजी याच कामात. कुणी आळशी नव्हतं. उलट सगळे फार मन लावून निरर्थक काम करत होते.

हा मुडा संस्थेने तयार केलेला नाही, देणगीदाराने केलाय. कंपनीच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक जबाबदारीचा खर्च बघणाऱ्या) विभागाने लीनचे धडे द्यायला माणूस पाठवायचा आणि त्याच विभागाने दर तिमाहीला नवा अहवाल-नमुना पाठवायचा, हे आमच्याकडे सर्रास चालतं. मी आता कुठल्याही कंपनीला पहिला प्रश्न विचारतो: तुमचा स्वतःचा फॉर्म किती पानांचा आहे? त्या अभ्यासिकेत एकच यादी करून दोन्ही देणगीदारांना दाखवली. एकाने लगेच मान्य केली. दुसऱ्याने केली नाही. ताई अजूनही त्याची शीट वेगळी भरतात.

दुसरं म्हणजे सही. दोनशे रुपयांच्या रिक्षाभाड्याच्या व्हाउचरला तीन सह्या आणि तिसरे विश्वस्त गावाला. यावर फार लिहायला नको, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे.

कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ कंपनीला सीएसआरच्या खर्चात धरता येतो का?

नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. पण ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलं, की कर्मचाऱ्यांना सहभागी करून घेणं चांगलंच, मात्र त्यांच्या विनामोबदला सेवेची रुपयांत किंमत काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येणार नाही.

काही कंपन्या यामुळे हात आखडतात. मला हा खुलासा उलट सोयीचा वाटतो. माणूस दिला म्हणून पैसे कमी देतो, असं कंपनीला म्हणता येत नाही. संस्थेनेही माणूस मिळतोय म्हणून निधीवरचा हक्क सोडू नये.

जाता जाता आणखी एक. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांसाठी त्या निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. ऑफिस नीट लावायला पैसे कुठून आणायचे, हा संस्थांचा प्रश्न त्यामुळे आणखी अवघड झाला. अशा वेळी फुकट मिळणारं अनुभवी डोकं मोलाचं ठरतं.

कंपनीने कोणाला पाठवावं?

सगळ्यात छान प्रेझेंटेशन करणाऱ्याला नको. लाइनवरचा सुपरवायझर, स्टोअर सांभाळणारा, मेंटेनन्सचा माणूस, यांना पाठवा. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, रांजणगाव, तिकडे नाशिकला सातपूर-अंबड, या पट्ट्यात कायझेनचे, म्हणजे रोजच्या कामातल्या छोट्या सुधारणांचे, कागद भरून भरून हात दुखलेली हजारो माणसं आहेत. त्यांना मराठीत बोलता येतं, जमिनीवर बसता येतं, आणि पंचवीस रुपयांच्या वस्तूत काम भागवायची सवय असते. मोठ्या पदावरचा माणूस आला की संस्थेतल्या बायका गप्प बसतात आणि संचालकच बोलत राहतात.

टाटा समूहात प्रोएंगेज नावाचा उपक्रम आहे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या वेळात, एक ते सहा महिने एखाद्या संस्थेचं ठरलेलं काम करायचं. ही चौकट मला पटते, कारण सुरुवात आणि शेवट आधी ठरलेला असतो.

पहिल्या दिवशी काय करायचं?

रांगेत उभं राहायचं. शब्दशः. दवाखाना असेल तर केसपेपर काढायच्या रांगेत सकाळी आठला, रुग्णांबरोबर. लॅपटॉप बॅगेत. ज्या जागी काम होतं त्या जागेला जपानीत ‘गेंबा’ म्हणतात, आणि तिथे न जाता दिलेला सल्ला म्हणजे फोनवर पाहिलेली नाडी.

एका वहीत दोनच रकाने करा: माणूस काय करतोय, आणि किती वाजले. साठ रुग्णांपैकी पाच जणांबरोबर दारापासून दारापर्यंत चाला. संध्याकाळी ती वही संस्थेतल्या सगळ्यांसमोर वाचा, झाडलोट करणाऱ्या काकूंसकट. ‘डॉक्टरांजवळ सहा मिनिटं, बाकी चार तास बाकावर’ असं काहीतरी निघतं आणि खोली शांत होते. त्या क्षणी सल्ला द्यायचा मोह होईल. देऊ नका. कुणीतरी म्हणतंच, “औषधांची चिठ्ठी आधी खाली पाठवली तर?” तिथून सुरुवात करा.

एका वेळी एकच काम हातात घ्या, आणि ते बारा-पंधरा आठवड्यांत संपेल एवढंच घ्या. सगळी संस्था सुधारायला निघालेले लोक दुसऱ्या महिन्यात यायचे बंद होतात.

म्हणजे माणसं कमी करणार का?

ही भीती उघड विचारली जात नाही, पण खोलीत बसलेली असते. उत्तर पहिल्याच बैठकीत, संचालकांनी, तोंडाने द्यायला हवं: या कामामुळे कुणाची नोकरी जाणार नाही. अमेरिकेत सिएटलमधल्या व्हर्जिनिया मेसन या ना-नफा रुग्णालयाने २००२ च्या सुमारास टोयोटाची पद्धत घेतली, तेव्हा हेच आश्वासन दिलं होतं. ते नसेल तर कोण आपल्या हाताने दाखवेल, की माझं अर्धं काम अनावश्यक आहे?

संचालक हे बोलायला तयार नसतील तर मी पुढच्या शनिवारी जात नाही.

हे कुठे अजिबात लावू नये?

समुपदेशनाच्या खोलीत. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडू पाहणारी बाई पहिली चाळीस मिनिटं पावसाबद्दल, मुलाच्या शाळेबद्दल, भाजीच्या भावाबद्दल बोलते. मग एक वाक्य बोलते, ज्यासाठी ती आलेली असते. त्या चाळीस मिनिटांना मुडा म्हणणाऱ्याला या कामातलं काही कळलेलं नाही. खोलीच्या बाहेर मात्र पुष्कळ काही करता येतं: तिला तीन ठिकाणी तीच कहाणी पुन्हा सांगायला लागू नये, वकिलाची तारीख आणि ताईंची वेळ एकाच दिवशी मिळावी, येण्याजाण्याचे पैसे त्याच दिवशी हातात पडावेत.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलेलं. एका शल्यचिकित्सकाला दोन टेबलं. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. डॉक्टरचा हात घाई करत नाही. दोन शस्त्रक्रियांमधला रिकामा वेळ तेवढा जातो. मूळ कामाचा वेळ सोडायचा आणि त्याच्या आजूबाजूचा कापायचा, एवढं ध्यानात ठेवलं तरी बरेच अपघात टळतात.

आधी सॉफ्टवेअर घ्यावं का?

नको. गोंधळ कॉम्प्युटरवर चढवला की तो फक्त पासवर्ड असलेला गोंधळ होतो. आधी भिंतीवर पांढरा फळा आणि रंगीत खडू. तीन महिने फळा चालला तर मग बघू.

फाइव्ह एस केलं की झालं का?

फाइव्ह एस म्हणजे जागा आवरून वस्तू ठरल्या ठिकाणी ठेवायची जपानी पद्धत. कपाट आवरण्यापुरतं झालं. पंधरा ऑगस्टला संस्थेचं स्टोअर आवरून ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो काढणाऱ्या तुकड्या मी पाहिल्यात, मीही त्यात होतो. गणपतीपर्यंत सगळं जसंच्या तसं होतं, कारण जुन्या कपड्यांची गाठोडी दर आठवड्याला येतच होती. प्रश्न कपाटाचा नव्हता, नको असलेली देणगी घ्यायला नकार कसा द्यायचा याचा होता. देणगीदाराला “साडी नको, मुलांचे मोजे हवेत” असं सांगायला धैर्य लागतं. लेबलं चिकटवायला लागत नाही.

आमचे जुने कार्यकर्ते दुखावले जातात. “इतकी वर्षं आम्ही काय चुकीचं करत होतो?” असं म्हणतात.

दुखावणारच. ती पद्धत त्यांनी हाताने बसवलेली असते, बहुतेक वेळा पैसा नसताना, दुसरा काही मार्ग नसताना. हार्लेममध्ये दहा-दहा जणांना आत सोडण्यामागेही कधीतरी कारण असणार. म्हणून आधी विचारा, ‘हे असं का सुरू झालं?’ एका वसतिगृहात रात्रीचं जेवण सहालाच उरकायचे. आम्हाला ते विचित्र वाटलं. कारण असं निघालं, की पूर्वी साडेसहाला लोडशेडिंग व्हायचं. आता लोडशेडिंग नाही, पण वेळ तीच राहिली आणि मुलं रात्री दहाला भुकेली. हे सांगताना तिथल्या जुन्या काकाच हसायला लागले आणि वेळ त्यांनीच बदलली. आम्ही बदलायला सांगितली असती तर अजूनही सहाच असती, याची मला खात्री आहे.

फायदा मोजायचा कसा?

लाभार्थ्याच्या घड्याळाने. अर्ज दिल्यापासून शिष्यवृत्तीचा चेक हातात पडेपर्यंत किती दिवस. रुग्ण घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत किती तास, आणि त्या दिवशी त्याची मजुरी बुडाली का. चकरा किती झाल्या. बस्स. ‘वाचलेल्या मनुष्यतासांची’ किंमत काढून कंपनीच्या मासिकात छापणं मला पटत नाही. मजुरी बुडणाऱ्या बाईची तिसरी चकर वाचली तर ती कुठल्याही मासिकात येत नाही, पण तिला कळते.

कंपनीची माणसं गेली की सगळं पूर्ववत होतं. यावर काय?

होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून सुरू झालेल्या कामांपैकी निम्म्याहून कमी टिकली आहेत. टिकलेल्यांत एक गोष्ट सारखी दिसते: रोज सकाळी दहा मिनिटं फळ्यापाशी उभं राहून बोलायची सवय लागलेली, आणि ती बैठक संचालक घेत नाहीत, काम करणाऱ्यांपैकीच कुणीतरी घेतं. न टिकलेल्यांत आम्ही फार हुशारी केलेली होती. शेवटच्या चार आठवड्यांत आम्ही मुद्दाम कोपऱ्यात बसतो, फक्त बघतो. काहीतरी चुकतं, तेव्हा उठायचं नाही, हे सगळ्यात अवघड जातं.

आमची कुठल्याच कंपनीशी ओळख नाही. सुरुवात कुठून करू?

तुमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारा, कोण कुठे कामाला आहे. औद्योगिक पट्ट्याजवळच्या संस्थेत हमखास कुणाचा तरी काका एखाद्या कंपनीत क्वालिटीत असतो. सीएसआर विभागाला पत्र लिहिणार असाल तर ‘क्षमता-बांधणीसाठी सहकार्य’ असलं काही लिहू नका, ते वाचलं जात नाही. असं लिहा: ‘आमच्या दवाखान्यात दर मंगळवारी साठ रुग्ण येतात. पहिला सकाळी सातला येतो आणि दुपारी एकला परत जातो. मधले सहा तास कुठे जातात ते बघायला आम्हाला लाइनवर काम केलेलं एक माणूस हवं आहे. दोन मंगळवार बघायला, चार शनिवार आमच्यासोबत बसायला. पैसे नकोत.’

खाली आणखी एक ओळ घाला, की जेवणाची सोय आम्ही करू. शनिवारी कंपनीचं कँटीन बंद असतं.